गाठ मारलेली तार

हॉलच्या दारावरची लाकडी केसिंगपट्टी रंगाऱ्याने पटाशीने उचकटली, तेव्हा तिच्या पोटातून पिळाची पांढरी वायर लोंबत खाली आली. पट्टीवर ऑइलपेंटचे इतके हात बसले होते की तिथे पट्टी आहे हेच आम्ही विसरून गेलो होतो. "काका, ही बंद लाइन दिसते. कापून टाकू का?" असं म्हणत त्याने खिशातून पक्कड काढलीसुद्धा. मी चहाचा कप तसाच ठेवून उठलो. वायरीच्या टोकाला दोन तारा होत्या, दोन्ही एकाच रंगाच्या, आणि त्यांतल्या एकीला बारीकशी गाठ मारलेली होती. ती गाठ माझ्या बाबांची. साल १९८४.

"राहू दे," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात आमच्या घरात एक प्रश्न चर्चेला होता. नवा मोठा टीव्ही घेतला होता, त्याला होम थिएटर जोडायचं ठरलं होतं, आणि स्पीकर वायरीचे घ्यायचे की वायरलेस यावर लेकीचं आणि माझं एकमत होत नव्हतं. तिचं म्हणणं सरळ होतं. भिंती आत्ता रंगवतोय, फरशी चकचकीत करतोय, मग त्यावरून पुन्हा वायरी का ओढायच्या? माझं म्हणणं मला तितक्या सरळपणे मांडता येत नव्हतं. बाबा आयुष्यभर वायरमन होते. भिंतीवर वायर दिसली की लेकीला पसारा दिसतो. मला कुणीतरी शिडीवर चढलेलं दिसतं.

गिरगावात आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत फळीवर मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ, त्याच्यावर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल. बटण फिरवल्याबरोबर तो वाजायचा नाही. आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावं लागे, मग आधी नुसता घुमारा आणि त्यातून हळूहळू माणसाचा आवाज वर यायचा. पोस्टात जाऊन त्याची लायसन फी भरण्याचं काम माझ्या आजोबांकडे होतं. सगळं घर त्या फळीसमोर बसून ऐकायचं, एक आई सोडून. आई आतल्या खोलीत स्वयंपाक करत असे आणि पंपाचा स्टो एकदा फरफरायला लागला की बाहेर काय लागलंय ते तिला कळतच नसे. 'आपली आवड' सुरू झालं की आम्ही ओरडून सांगायचो, ती दोन मिनिटं दारात येऊन उभी राहायची, आणि भाजी लागल्याचा वास आला की परत आत पळायची. अर्ध्यावर सोडलेल्या गाण्यांची तिची यादी मोठी होती.

बाबांनी त्यावर उपाय काढला. त्या मर्फीच्या पाठीमागे बाहेरचा स्पीकर जोडायला दोन भोकं होती. बऱ्याच जणांना ती कशासाठी असतात हे ठाऊकही नसे. लॅमिंग्टन रोड आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं तरी रेडिओच्या सुट्या भागांसाठी जाणारा माणूस लॅमिंग्टन रोड असंच म्हणतो. तिथल्या जुन्या मालातून बाबांनी आठ इंची स्पीकर आणला. खोकं करून घ्यायला पैसे नव्हते. घरात एक माठ होता, दोन उन्हाळे होऊन गेल्यामुळे त्याचं पाझरणं बंद झालेलं. त्यातलं पाणी आता गार होत नसे. तो माठ आईच्या ओट्याजवळ कोपऱ्यात ठेवून बाबांनी त्याच्या तोंडावर स्पीकर पालथा घातला.

आवाजाला असा काही खर्ज आला की शेजारच्या खोलीतले काका बघायला आले. पुढे कॉलेजात गेल्यावर मला त्यामागचं कारण कळलं. माठाच्या पोटातली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि सुटते, तोंडाशी असलेला भार तिच्या लयीत हलतो, आणि माठाच्या आकाराप्रमाणे ठरावीक खालचे सूर फुगून येतात. पुष्कळ घरांत, होस्टेलच्या खोल्यांत आणि चहाच्या टपऱ्यांवरही लोकांनी हेच केलं होतं, पुस्तकात न वाचता. आजच्या सबवूफरच्या खोक्याला पुढे किंवा मागे जी नळी असते तिचं कामही तत्त्वतः हेच आहे. पण त्या वेळी आम्हाला एवढंच कळलं की आई आता दारात येऊन उभी राहत नाही. ती आतूनच गुणगुणते.

१९७५ च्या पंधरा ऑगस्टला 'शोले' लागला तेव्हा मी चौथीत होतो. काही महिन्यांनी बाबांनी मला मिनर्व्हा थिएटरला नेलं. मिनर्व्हाही लॅमिंग्टन रोडवरच, त्यामुळे माझ्या डोक्यात तो रस्ता म्हणजे आवाजाचाच रस्ता होऊन बसला आहे. तिथे 'शोले' पुढे पाच वर्षं चालला. सत्तर एमएमच्या फिल्मवर आवाजाचे सहा चुंबकीय ट्रॅक असतात. पाच पडद्यामागच्या स्पीकरांसाठी आणि सहावा प्रेक्षागृहाच्या भिंतींवरच्या स्पीकरांसाठी. तोवर आमच्या कानांना आवाज म्हणजे फळीवरून येणारी एक गोष्ट एवढंच ठाऊक. आणि इथे घोड्यांच्या टापा डावीकडून उजवीकडे गेल्या. नाणं उडालं, पडलं, आणि त्याची खणखण पडद्यावर न राहता आमच्याच रांगेत कुठेतरी विरली. पुढच्या रांगेतला एक माणूस खरोखर वाकून खुर्चीखाली बघत होता.

सिनेमा सुटल्यावर सगळे जिन्याकडे निघाले. बाबा मात्र माझा हात धरून भिंतीपाशी थांबले आणि वर बघत स्पीकर मोजू लागले. मग बोटाने त्यांनी मला वायरीचा मार्ग दाखवला. ही इथून वर गेली, तिथून छताकडे वळली, तिकडे त्या खिडकीमागे प्रोजेक्टरची खोली. "आवाज कुठूनही आला असं वाटलं, तरी त्याला यायला रस्ता लागतो," ते म्हणाले. टॉर्च घेऊन आलेला डोअरकीपर आम्हाला बाहेर काढेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

डोंबिवलीला आम्ही १९८४ मध्ये आलो. हॉल, स्वयंपाकघर आणि आत एक खोली एवढाच फ्लॅट, पण आमच्या दृष्टीने तो वाडाच. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये आता खरी भिंत होती, आणि बाबांनी पहिल्या महिन्यात जे काम हातात घेतलं ते या वायरीचं. भिंतीत लाकडी गिट्ट्या ठोकल्या, त्यावर केसिंग बसवलं, हॉलमधल्या शोकेसपासून दारावरून वळसा घेऊन वायर स्वयंपाकघराच्या माळ्यावर नेली. स्पीकर तोच, लॅमिंग्टन रोडचा. गर्दीच्या लोकलमधून लगेजच्या डब्यात उभं राहून तो मी पोटाशी धरून आणला होता. माठ मात्र येताना फुटला. म्हणून सुताराकडून प्लायवूडचं खोकं करून घेतलं. ओट्याच्या बाजूला, आईचा हात सहज पोहोचेल एवढ्या उंचीवर, बाबांनी आवाज कमीजास्त करायचा वायरवाउंड पॉट बसवला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी ती तो थोडा वाढवायची. शिट्टी झाली की परत खाली.

गाठीची गोष्ट त्याच दिवसाची. वायरीच्या दोन्ही तारा पांढऱ्या, ओळखायच्या कशा? म्हणून दोन्ही टोकांना एकाच तारेला गाठ मारायची. गाठ म्हणजे अधिक. मी म्हटलं, स्पीकर कसाही जोडला तरी वाजतोच की. बाबांनी उत्तर न देता टॉर्चमधला दीड व्होल्टचा सेल काढला आणि स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवला. टक् असा आवाज झाला आणि कागदी कोन चटकन पुढे आला. सेल उलटा करून टेकवला, कोन आत गेला. एकाच खोलीत दोन स्पीकर असले आणि एक सरळ, एक उलटा जोडला गेला, तर एक हवा ढकलत असताना दुसरा ओढतो. गाणं ऐकू येतं, पण तबल्याचा डग्गा कुठे गेला ते कळत नाही. वायरीचं सगळं शिक्षण मला त्या एका सेलने दिलं.

त्यानंतरचा काळ भराभर गेला. टू-इन-वन आला, मग कॅसेट डेक. त्यावर डॉल्बीचं बटण असे. दाबलं की टेपची सरसर कमी व्हायची. हे नाव ज्यांचं, ते रे डॉल्बी १९६३ ते १९६५ अशी दोन वर्षं संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात राहिले होते आणि इथून परत गेल्यावर १९६५ मध्येच त्यांनी आपली प्रयोगशाळा काढली. सरसर घालवण्यासाठी जन्म काढलेल्या माणसाचं नाव आपल्याकडे मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरांना पडलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुढे चव्वेचाळीस-चाळीस आयसीचा ॲम्प्लिफायर बाबांनी स्वतः जुळवला. गणपतीत भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभर तीन सिनेमे पाहायचे, त्याचा आवाज त्या ॲम्प्लिफायरमधून काढायचा आणि पहाटे बंद करताना डब्यावर हात ठेवून तो किती तापलाय ते बघायचं. व्हीसीडी, डीव्हीडी आल्या, पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा रेडीमेड संच आला. त्याच्यासोबत आलेली केसासारखी बारीक वायर पाहून बाबांनी ती उचलून बाजूला ठेवली.

त्यांचं बरोबर होतं, आणि ते आकड्यांत सांगता येतं. आमच्या हॉलमध्ये टीव्हीपासून भिंतीकडेने मागच्या स्पीकरपर्यंत वायर न्यायची तर आठ मीटर लागतात. विजेला जायचं आणि यायचं असतं, म्हणजे तांबं सोळा मीटर. दीड चौरस मिलिमीटरची वायर घातली तर तेवढ्या तांब्याचा रोध ०.२ ओहमच्या आत राहतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य. तीच वायर ०.२ चौरस मिलिमीटरची असेल तर रोध सव्वा ओहमच्या वर जातो आणि ॲम्प्लिफायरने दिलेल्या ताकदीचा दुर्लक्ष करता येणार नाही एवढा वाटा वायर गरम करण्यात जातो. सोन्याचा मुलामा दिलेल्या हजारो रुपयांच्या केबलींची गरज नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मिळणारी जाड, चांगल्या तांब्याची वायर पुरते.

शोरूममध्ये लेकीबरोबर गेलो तेव्हा हे सगळं माझ्या डोक्यात होतं. काळ्याभोर खोलीत मऊ खुर्च्या, समोर भिंतभर पडदा. विक्रेता मुलगा हुशार होता, आपल्या विषयावर प्रेम असलेला. "सर, वायरलेस आहे. बॉक्स उघडायचा, प्लग लावायचा, झालं." मी विचारलं, प्लग किती? तो क्षणभर थांबला. पाच स्पीकर, पाच प्लग. सबवूफरचा सहावा. वायरलेस स्पीकरला आवाजाची वायर नसते; पण त्याचा ॲम्प्लिफायर त्याच्या पोटातच असतो आणि त्याला वीज लागतेच. म्हणजे वायर जात नाही, फक्त बदलते. आधी ॲम्प्लिफायरपासून यायची, आता भिंतीतल्या प्लगपासून येते. चाळीस वर्षांपूर्वीच्या आमच्या हॉलला प्लग तीन.

त्यातही वायरलेस म्हणजे एकच गोष्ट नाही. लेकीने गेल्या वर्षी टीव्हीला ब्लूटूथ स्पीकर जोडला होता. बातम्या देणाऱ्या बाईंचे ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. ब्लूटूथवर आवाज आधी आवळून बांधावा लागतो, पाठवावा लागतो, पलीकडे उलगडावा लागतो. नेहमीच्या पद्धतीत यात दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, आणि आवाज सव्वाशे मिलिसेकंद मागे पडला की माणसाला ते जाणवायला लागतं. टीव्ही चित्र तेवढंच अडवून धरू शकला तर हा प्रश्न सुटतो, पण प्रत्येक टीव्हीला आणि प्रत्येक वेळी ते जमत नाही. होम थिएटरसाठी मुद्दाम बनवलेले वायरलेस स्पीकर वेगळे. त्यांतले चांगले संच पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, स्वतःच्या ट्रान्समीटरवर चालतात आणि त्यांचा उशीर मोजक्या मिलिसेकंदांचा असतो. हवेतून येणाऱ्या आवाजालाच एक मीटर कापायला तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे सोफ्यावर थोडं मागे सरकून बसण्याएवढा हा फरक. तो कानाला कळत नाही. हे मला त्या मुलाने नीट समजावलं आणि मी ते मान्य केलं.

मान्य न झालेल्या दोन गोष्टी. आमच्या इमारतीत मोबाइलवर वायफायची यादी उघडली की वीस-बावीस नावं दिसतात. इतक्या गर्दीत ऐन प्रसंगी आवाज तुटणार नाही, याची खात्री मला कुणी देऊ शकलं नाही. आणि दुसरी गोष्ट आयुष्याची. साध्या स्पीकरमध्ये बिघडण्यासारखं फार थोडं असतं: चुंबक, तारेचं वेटोळं, कागद. वायरलेस स्पीकरमध्ये ॲम्प्लिफायर, रेडिओ आणि एक छोटा संगणक असतो. त्याचं सॉफ्टवेअर जोवर कंपनी सांभाळते तोवर तो नवा. माझ्या घरात बावन्न वर्षांचा स्पीकर आहे. त्याच्याशी बोलायला कुठलंही ॲप लागत नाही, आणि पन्नास वर्षांनंतरच्या ॲम्प्लिफायरलाही तो चालेल.

पण लेकीची बाजू मला पटली ती शोरूममध्ये नव्हे, घरी.

आई आता त्र्याऐंशीची आहे. दोन वर्षांपूर्वी पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून बहुतेक वेळ आतल्या खोलीत पलंगावरच असते. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. स्वयंपाकघरातला तो पॉट तिने कधीपासून फिरवलेला नाही. रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर लेक मुठीत मावणारा एक वायरलेस स्पीकर तिच्या उशाशी ठेवते आणि मोबाइलवरून जुनं नाट्यसंगीत लावते. आजीच्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं, म्हणून तो नेहमी उजवीकडे. कुशीवर वळवलं की स्पीकरही इकडून तिकडे. अंघोळ घालताना तो मोरीच्या दाराशी असतो. हे काम वायरीने झालं नसतं. त्या खोलीत जमिनीवर वायर असणंही धोक्याचं. वॉकर घेऊन चार पावलं चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या पायात ती आली तर काय होतं हे आम्ही पाहिलेलं आहे. आईपर्यंत गाणं पोहोचवण्यासाठी बाबांनी भिंतीत गिट्ट्या ठोकल्या. तेच काम नात हातात स्पीकर घेऊन करते. तिच्या वायरलेसच्या हट्टाला मी पसारा टाळण्याची हौस समजत होतो, ती माझी चूक होती.

मग आम्ही दोघांनी कागद घेऊन हॉलचा नकाशा काढला. पुढचे तीन स्पीकर वायरीचे. सिनेमातलं बहुतेक बोलणं मधल्यातून येतं, संगीत डाव्या-उजव्यातून. तिथे तडजोड नको, आणि टीव्हीजवळच असल्यामुळे वायरही दोन-तीन मीटरची. डावा आणि उजवा असे ठेवायचे की ते आणि बसणारा यांचा तीन सारख्या बाजूंचा त्रिकोण व्हावा. सबवूफरची वायरही पुढेच संपते. तो वायरलेस घेतला असता तरी मी हरकत घेतली नसती, कारण इतका खालचा सूर कुठून येतो हे कानाला नेमकं सांगता येत नाही. त्याचा कोपरा शोधायला लेकीने तो चक्क सोफ्यावर ठेवला, गाणं लावलं आणि स्वतः हॉलभर रांगत गेली. जिथे खर्ज भरीव पण गच्च न होता ऐकू आला ती त्याची जागा. मागचे दोन मात्र तिच्या मनासारखे. सोफ्यामागे गॅलरीचं सरकतं दार आहे, तिथे भिंतच नाही. वायर न्यायची तर उंबऱ्यावरून न्यावी लागेल आणि आईची व्हीलचेअर उन्हात काढताना रोज तिच्यावरून जाईल. म्हणून ॲम्प्लिफायरला एक छोटा ट्रान्समीटर आणि सोफ्याखाली त्याचा रिसीव्हर. त्या रिसीव्हरपासून दोन्ही स्पीकरांपर्यंत मात्र हात-हातभर वायर आहेच. मागून येतो तो पाऊस, वारा, गर्दी, एखादं विरत जाणारं नाणं. त्यात कधी क्षणभर खंड पडला तरी संवाद हरवणार नाही.

ॲम्प्लिफायर खोक्यातून काढून पाठीमागून पाहिला तेव्हा लेकीने विचारलं, "बाबा, ही जास्तीची जोडी कशाला आहे?" दुसऱ्या खोलीतल्या स्पीकरांसाठी. मर्फीच्या पाठीवरची ती दोन भोकं आठवून मी खालीच बसलो.

रंगाऱ्याला म्हटलं, तुझं काम घटकाभर थांबव. लेक स्टुलावर चढून स्वयंपाकघराच्या माळ्यावर पोहोचली, खोक्याचं जाळीचं कापड तिने पुसलं. कोन जरा पिवळा पडलाय, पण फाटलेला नाही, असं तिथून ओरडून सांगितलं. पॉट पूर्ण उघडायला सांगितला तर तो खरखरला, मग फिरला. मी हॉलमध्ये त्या लोंबत्या वायरीची टोकं दातांनी सोलली, जशी बाबा सोलायचे, आणि टीव्हीच्या रिमोटमधला सेल काढला. गाठ असलेली तार अधिकला, दुसरी उण्याला. टेकवला.

स्वयंपाकघरातून बारीक टक् असा आवाज आला.

"बाहेर आला की आत गेला?" मी ओरडलो.

"बाहेर! बाबा, बाहेर आला!"

आतल्या खोलीतून आईने विचारलं, काय झालं रे. मी म्हटलं, काही नाही, बाबांची लाइन चालू आहे. आणि गाठीची तार लाल टर्मिनलमध्ये घालून आवळली.